स्वयंपुनरुत्पादी आज्ञावली

कोणतीही बाह्य माहिती न घेता व स्वतःचा साठविलेला पाठ न वाचता जी आज्ञावली आपल्याच मूळ पाठाची तंतोतंत प्रत फलित म्हणून देते, तिला स्वयंपुनरुत्पादी आज्ञावली म्हणतात. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ विलर्ड व्हॅन ऑर्मन क्वाइन (१९०८–२०००) यांच्या नावावरून तिला ‘क्वाइन’ असेही संबोधितात. एका भाषेतील आज्ञावलीने दुसऱ्या भाषेतील, दुसरीने तिसऱ्या भाषेतील व अखेरच्या आज्ञावलीने पुन्हा पहिलीच आज्ञावली निर्माण करावी, अशा बहुभाषी साखळ्याही रचण्यात आल्या आहेत. वरवर पाहता हा बुद्धिरंजनाचा प्रकार वाटतो. तथापि त्याची मुळे विसाव्या शतकातील गणितीय तर्कशास्त्रात व सजीवांच्या पुनरुत्पादनाविषयीच्या मूलभूत चिंतनात आहेत आणि संगणकावर विश्वास कितपत ठेवावा, या व्यावहारिक प्रश्नाशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

मूळ अडचण : आपली प्रत काढणाऱ्या आज्ञावलीत आपल्या पाठाचे वर्णन असले पाहिजे. परंतु ते वर्णन हाही त्या पाठाचाच भाग असल्याने वर्णनात वर्णनाचे वर्णन यावे लागेल व ही परंपरा कोठेच संपणार नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. भिंतीवर टांगलेल्या ज्या चित्रात ती भिंत व तेच चित्र संपूर्ण तपशिलासह दाखवायचे आहे, अशा चित्रासारखीच ही अवस्था होय. या अनवस्थेतून सुटण्याचा मार्ग एकच वर्णन दोन प्रकारे वापरण्यात आहे : एकदा आज्ञा म्हणून पाळण्यासाठी आणि एकदा निव्वळ मजकूर म्हणून उतरविण्यासाठी. ही युक्ती पुढील मराठी सूचनेवरून स्पष्ट होईल.

पुढील अवतरणातील मजकूर आधी चिन्हांशिवाय आणि मग चिन्हांसह लिहा : “पुढील अवतरणातील मजकूर आधी चिन्हांशिवाय आणि मग चिन्हांसह लिहा :”

ही सूचना जो तंतोतंत पाळील, त्याच्या कागदावर हीच सूचना जशीच्या तशी उतरेल. तिचा पूर्वार्ध ही कृती असून अवतरणचिन्हांतील उत्तरार्ध ही सामग्री आहे. दोहोंतील शब्द तेच असले, तरी त्यांची भूमिका भिन्न आहे. अवतरणातील मजकुरात स्वतःचे अवतरण समाविष्ट करण्याची गरज पडत नाही व त्यामुळे अनंत परंपरा टळते. संगणकीय भाषांतील बहुतेक सर्व स्वयंपुनरुत्पादी आज्ञावली याच आकृतिबंधाच्या असतात.

तात्त्विक पार्श्वभूमी : एखाद्या विधानाने स्वतःविषयी बोलावे, हा विचार विरोधाभासांच्या रूपाने प्राचीन ग्रीक काळापासून परिचित होता. त्याला काटेकोर गणिती रूप कूर्ट गोडेल (१९०६–७८) यांनी १९३१ मध्ये दिले. विधानांना संख्यांकन करून त्यांनी अंकगणितातच स्वतःच्या सिद्धतेविषयी बोलणारे विधान रचले. ॲलन मॅथिसन ट्यूरिंग (१९१२–५४) यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या सार्वत्रिक यंत्राच्या कल्पनेत यंत्राचे वर्णन हेच दुसऱ्या यंत्राचे खाद्य ठरले व आज्ञा आणि सामग्री यांतील भेद सापेक्ष झाला. स्टीफन कोल क्लेनी (१९०९–९४) यांनी १९३८ मध्ये सिद्ध केलेले पुनरावर्तन प्रमेय या विषयाचा पाया समजले जाते. आज्ञावलींचे रूपांतर करणारी कोणतीही गणनक्षम प्रक्रिया दिली असता, स्वतःवर ती प्रक्रिया करून मिळणारा पाठ फलित म्हणून देणारी आज्ञावली अस्तित्वात असतेच, असा त्याचा या संदर्भातील आशय आहे. ‘काहीही बदल न करणे’ ही प्रक्रिया घेतल्यास साधी स्वयंपुनरुत्पादी आज्ञावली मिळते. ‘हा पाठ छापणारी दुसऱ्या भाषेतील आज्ञावली बनविणे’ ही प्रक्रिया घेतल्यास द्विभाषी आज्ञावली मिळते. म्हणजे बहुभाषी साखळी ही चमत्कृती नसून तिचे अस्तित्व प्रमेयानेच निश्चित झालेले आहे. मात्र ‘असते’ हे सिद्ध होणे निराळे आणि ती प्रत्यक्ष लिहिणे निराळे.

फोन नॉयमान यांचे कार्य : यंत्र स्वतःसारखे यंत्र बनवू शकेल काय, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार जॉन फोन नॉयमान (१९०३–५७) यांनी केला. सप्टेंबर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे भरलेल्या हिक्सन परिसंवादात त्यांनी स्वयंचल यंत्रांच्या सर्वसाधारण सिद्धांतावर व्याख्यान दिले. ते १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राने बनविलेली वस्तू यंत्राहून साधीच असणार, हा अनुभव सार्वत्रिक आहे. सजीव मात्र आपल्याइतकीच, किंबहुना उत्क्रांतीच्या ओघात आपल्याहून अधिक जटिल संतती निर्माण करतात. हा भेद कशामुळे पडतो, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

त्यांच्या यंत्राचे तीन घटक होते : वर्णनावरून कोणतेही यंत्र जोडणारा रचनाकार, वर्णनाची न वाचता नक्कल करणारा प्रतिलिपिक आणि या दोघांना योग्य क्रमाने कामास लावणारा नियंत्रक. या तिन्ही घटकांचे मिळून एक वर्णन फितीवर लिहून यंत्रास दिले, की नियंत्रक प्रथम रचनाकाराकडून नवे यंत्र घडवून घेतो, मग प्रतिलिपिकाकडून फितीची नक्कल काढवून ती नव्या यंत्रास जोडतो. येथेही वर्णनाचा उपयोग दोनदा होतो : एकदा अर्थ लावून व एकदा अर्थ न लावता. जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनए रेणूची द्विसर्पिल रचना १९५३ मध्ये उलगडली. कोशिकेत एकाच डीएनएची एकीकडे तंतोतंत नक्कल होते, तर दुसरीकडे त्यातील संकेताचा अर्थ लावून प्रथिने बनविली जातात, हे त्यानंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. सजीवांमधील ही द्विविध व्यवस्था फोन नॉयमान यांनी शुद्ध तर्काने आधीच रेखाटली होती, ही विज्ञानाच्या इतिहासातील लक्षणीय घटना होय.

सुट्या भागांच्या साठ्यात वावरणारे यंत्र कल्पून त्यांनी आरंभ केला होता. पुढे स्टानिस्लाव्ह उलाम (१९०९–८४) यांच्या सूचनेवरून त्यांनी चौकटींच्या अमर्याद जाळ्याचे प्रतिमान स्वीकारले. त्यातील प्रत्येक चौकट २९ अवस्थांपैकी एका अवस्थेत असते. हे काम त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. ते आर्थर बर्क्स (१९१५–२००८) यांनी पूर्ण व संपादित करून १९६६ मध्ये प्रसिद्ध केले.

प्रत्यक्ष आज्ञावली : ज्ञात असलेल्यांपैकी पहिली स्वयंपुनरुत्पादी आज्ञावली एडिंबरो विद्यापीठात १९६० नंतरच्या दशकात हॅमिश डेवार यांनी ॲटलस ऑटोकोड या भाषेत लिहिली. ती पाहून या विषयाकडे वळलेल्या पॉल ब्रॅटली यांनी झाँ मिलो यांच्यासह १९७२ मध्ये एका संगणकविषयक नियतकालिकात लेख लिहिला व हा विषय आज्ञावलीकारांच्या वर्तुळात पसरला. ‘क्वाइन’ ही संज्ञा डग्लस हॉफस्टॅटर यांनी गोडेल, एशर, बाख या १९७९ मधील ग्रंथात रूढ केली. एखाद्या पदसमूहापूर्वी त्याचेच अवतरण ठेवून, ‘हे’ किंवा ‘स्वतः’ असा शब्द न वापरता, आत्मनिर्देशक विधान रचण्याची पद्धत क्वाइन यांनी दाखविली होती. तिचा या नावाने गौरव झाला.

सी भाषेतील जटिल आज्ञावलींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १९९४ मध्ये एकही अक्षर नसलेली आज्ञावली सादर करण्यात आली. रिकाम्या पाठाचे फलितही रिकामेच असल्याने ती व्याख्येत बसत होती व नियमांच्या सर्वांत मोठ्या गैरवापराबद्दल तिचा उल्लेख झाला. अशा पळवाटा टाळण्यासाठी पाठ रिक्त नसावा व आज्ञावलीने संगणकाकडून स्वतःची धारिका मागवून वाचू नये, हे दोन संकेत सामान्यतः पाळले जातात. संगणकीय ‘विषाणू’ हे या दुसऱ्या संकेताबाहेरचे असतात. ते प्रचालन प्रणालीच्या साहाय्याने साठविलेल्या पाठाची नक्कल करतात. त्यांना स्वतःचे वर्णन बाळगण्याची गरज नसते.

भाषाभेद व अवतरणाचा प्रश्न : आकृतिबंध एकच असला, तरी प्रत्येक भाषेत त्याचे रूप पालटते. मजकुराला मजकूर म्हणून कसे वेगळे काढावे, याचे नियम भाषागणिक भिन्न असतात, हे त्याचे कारण. लिस्प भाषेत आज्ञा व सामग्री या दोहोंची बांधणी सूचीच्या एकाच स्वरूपात होत असल्याने तेथे ही आज्ञावली विशेष सुबक होते. पास्कल भाषेत मजकुरातील अवतरणचिन्ह दोनदा लिहावे लागते, तर सी भाषेत त्याच्यापूर्वी तिरकी रेघ द्यावी लागते. जुन्या फोर्ट्रान भाषेत अवतरणचिन्हांऐवजी मजकुरातील अक्षरांची संख्या आधी देण्याची पद्धत होती. शिवाय छिद्रपत्राच्या मांडणीमुळे आज्ञा सातव्या स्तंभापासून बाहत्तराव्या स्तंभापर्यंतच लिहावी लागे. त्यामुळे त्या भाषेत हे काम कष्टाचे असे. सी भाषेत अवतरणचिन्ह थेट न लिहिता त्याचा संकेतांक ३४ देऊन अडचण टाळता येते. परंतु हा अंक आस्की संकेतप्रणालीतील आहे. वेगळी संकेतप्रणाली वापरणाऱ्या यंत्रावर तीच आज्ञावली चुकीची प्रत देते. स्वयंपुनरुत्पादन हे पाठाइतकेच तो वाचणाऱ्या यंत्रावर अवलंबून असते, हे यावरून दिसून येते.

बहुभाषी आज्ञावली : यांचे तीन प्रकार मानता येतात. पहिल्या प्रकारात एकच पाठ अनेक भाषांच्या व्याकरणांत एकाच वेळी बसतो. एका भाषेची आज्ञा ती दुसऱ्या भाषेला टिप्पणी वाटेल, अशी त्याची जुळणी असते. उपरोक्त स्पर्धेत १९८६ मध्ये सी, फोर्ट्रान ७७ व युनिक्सचे आज्ञाकवच या तिन्हींत चालणारी आज्ञावली पुढे आली होती. ती स्वयंपुनरुत्पादी नव्हती, परंतु याच तंत्राने पुढे स्वयंपुनरुत्पादी बहुभाषी पाठही लिहिले गेले. दुसऱ्या प्रकारात निरनिराळ्या भाषांतील आज्ञावलींचा एक संच असतो व त्यांतील कोणतीही आज्ञावली, मागणीनुसार, संचातील कोणत्याही सदस्याची प्रत देऊ शकते. येथे प्रत्येक सदस्याला सर्व कुटुंबाचे वर्णन बाळगावे लागते. वर्णन सर्वांत समान ठेवून ते अक्षरांच्या संकेतांकांच्या मालिकेत लिहिणे सोयीचे ठरते, कारण अंक लिहिण्याची पद्धत बहुतेक भाषांत एकच आहे. अवतरणाचे नियम मात्र तशी एकरूपता दाखवीत नाहीत.

तिसरा प्रकार साखळीचा. आपली शेपटी गिळणाऱ्या पुराणकथेतील सर्पावरून त्यास युरोबोरोस असे नाव पडले आहे. डॅन पिपोनी यांनी २००८ मध्ये हॅस्केल, पायथन व रूबी या तीन भाषांची अशी साखळी प्रसिद्ध केली. जपानी आज्ञावलीकार युसुके एन्दो यांनी २००९ मध्ये अकरा भाषांची साखळी रचली, २०१३ मध्ये पन्नास भाषांची व पुढे वाढवीत ती १२८ भाषांपर्यंत नेली. या अखेरच्या साखळीत रूबी भाषेतील आज्ञावली रस्ट भाषेतील आज्ञावली निर्माण करते, ती स्काला भाषेतील, अशा प्रकारे भाषांच्या नावांच्या रोमन वर्णक्रमाने वर्तुळ पूर्ण होऊन शेवटी रेक्स भाषेतून मूळ रूबी पाठ जसाच्या तसा परत येतो.

अशा साखळीत सर्वच दुव्यांना स्वतःचे ज्ञान असण्याची आवश्यकता नसते. केवळ पहिल्या भाषेतील आज्ञावली स्वयंपुनरुत्पादी तंत्राने आपला पाठ मिळविते व त्याभोवती ‘हा मजकूर छाप’ अशा आज्ञांची, एकात एक बसविलेल्या डब्यांसारखी, वेष्टने चढविते. पुढील प्रत्येक भाषा एकेक वेष्टन उलगडते. खरी अडचण वेष्टनांच्या वाढीची असते. अवतरणचिन्हापूर्वी तिरकी रेघ द्यावयाची व त्या रेघेपूर्वीही पुढच्या स्तरावर रेघ द्यावयाची, असा नियम असल्यास एका चिन्हाची प्रत्येक स्तरावर दुप्पट अक्षरे होतात : पहिल्या स्तरावर २, दुसऱ्या स्तरावर ४, तिसऱ्या स्तरावर ८. दहाव्या स्तरावर एका अवतरणचिन्हापायी १,०२४, तर विसाव्या स्तरावर १० लाखांहून अधिक अक्षरे लागतील. म्हणून शंभराहून अधिक भाषांच्या साखळीत ही वाढ रोखण्यासाठी मजकुराचे संक्षेपण करणे व धोक्याची चिन्हे अन्य संकेतांनी दर्शविणे अपरिहार्य ठरते.

साखळी जितकी लांब, तितकी ती ठिसूळ असते. मधल्या एखाद्या भाषेच्या नव्या आवृत्तीत छापण्याच्या आज्ञेचे रूप बदलले किंवा ओळीच्या शेवटी एखादे जादा चिन्ह आले, तरी मूळ पाठ परत येत नाही. याच्या उलट दिशेने जाणारा प्रयत्नही एन्दो यांनीच केला. त्यांच्या एका आज्ञावलीतील कोणतेही एक अक्षर गाळले, तरी उरलेला पाठ मूळ निर्दोष प्रतच देतो.

विश्वासार्हतेचा प्रश्न : या विषयाचा गंभीर व्यावहारिक अर्थ केन टॉम्प्सन यांनी उघड केला. युनिक्स प्रणालीबद्दल डेनिस रिची (१९४१–२०११) यांच्यासह मिळालेल्या १९८३ च्या ट्यूरिंग पुरस्काराच्या प्रसंगी दिलेले त्यांचे व्याख्यान १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत लहान स्वयंपुनरुत्पादी आज्ञावली लिहिण्याच्या विद्यार्थिदशेतील खेळापासून त्याची सुरुवात होते.

उच्चस्तरीय भाषेतील पाठाचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस संकलक म्हणतात. सी भाषेचा संकलक सी भाषेतच लिहिलेला असल्याने त्याची नवी आवृत्ती जुन्या संकलकाकडूनच तयार करून घ्यावी लागते. टॉम्प्सन यांनी संकलकात दोन गुप्त भर घातल्या. प्रवेशपरवाना तपासणारी आज्ञावली समोर आल्यास तीत एक चोरवाट घालावी, ही पहिली व संकलकाचाच पाठ समोर आल्यास त्यात या दोन्ही भर पुन्हा घालाव्यात, ही दुसरी. एकदा असा संकलक तयार झाला, की त्याच्या मूळ पाठातून गुप्त भाग पुसून टाकता येतो. त्यानंतर पाठ कितीही बारकाईने वाचला, तरी दोष आढळत नाही. तो केवळ यंत्रभाषेतील रूपात वंशपरंपरेने उतरत राहतो. जी आज्ञावली आपण स्वतः पूर्णतः लिहिलेली नाही, तिच्यावर केवळ पाठ वाचून विश्वास टाकता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. ही आज्ञावली काल्पनिक नव्हती. टॉम्प्सन यांनी उपलब्ध करून दिल्यावर रस कॉक्स यांनी २०२३ मध्ये ती टीपांसह प्रसिद्ध केली.

या संकटावरील उपाय अनेकत्वात सापडला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या व २००९ च्या आपल्या प्रबंधात विस्ताराने सिद्ध केलेल्या पद्धतीत संशयित संकलकाचा मूळ पाठ दुसऱ्या, स्वतंत्र उगमाच्या संकलकाकडून रूपांतरित करून घेतात. अशा रीतीने मिळालेल्या संकलकाकडून तोच पाठ पुन्हा रूपांतरित केला, की संशयित संकलकाशी अगदी अखेरच्या द्विमान अंकापर्यंत जुळणारे रूप मिळाले पाहिजे. न मिळाल्यास संशयास जागा उरते. दोन्ही संकलकांत एकच गुप्त भर असण्याची शक्यता, त्यांचे उगम जितके भिन्न तितकी कमी होते. संकलकांची परंपराच मुळापासून नव्याने उभारण्याचा दुसराही मार्ग आहे. ग्वीक्स या मुक्त प्रणालीच्या आज्ञावलीकारांनी २०२३ मध्ये केवळ ३५७ बाइट आकाराच्या, माणसाला वाचून तपासता येईल अशा बीजरूप आज्ञावलीपासून आरंभ करून आवश्यक ते सर्व संकलक क्रमाक्रमाने निर्माण करून दाखविले.

महत्त्व व मर्यादा : स्वयंपुनरुत्पादी आज्ञावली आपला पाठ निर्माण करते, पाठाचा अर्थ लावणारे यंत्र निर्माण करीत नाही. या दृष्टीने तिचे साम्य पूर्ण सजीवापेक्षा, आश्रय देणाऱ्या कोशिकेवाचून निष्क्रिय राहणाऱ्या व्हायरसाशी अधिक आहे. फोन नॉयमान यांच्या कल्पनेतील यंत्र मात्र रचनाकारासह स्वतःची प्रत काढते. त्याच्या मूळ आराखड्यास जवळची अशी संगणकीय रचना रेनातो नोबिली व उंबेर्तो पेसाव्हेन्तो यांनी १९९५ मध्ये इटलीत साकार केली. क्रिस्टोफर लँग्टन यांनी १९८४ मध्ये अवघ्या ८६ चौकटींचे स्वतःची प्रत काढणारे वलय सिद्ध केले होते. ते साधे असले, तरी स्वतःखेरीज अन्य काही घडविण्याची सार्वत्रिक क्षमता त्यात नाही.

वर्णन व कृती यांतील भेद, अवतरणाचे नियम, पाठ व त्याचा वाचक यांचे परस्परावलंबन आणि परंपरेने आलेल्या साधनांवरील विश्वास हे प्रश्न या छोट्या आज्ञावली अत्यंत मर्यादित जागेत उभे करतात. बहुभाषी साखळीत तर एकच आशय शंभराहून अधिक व्याकरणांतून जाऊन अक्षरही न बदलता परत येतो. वाटेतील एखादी भाषा त्यात आपली भर घालीत नाही ना, हे पाहण्याचे साधन मात्र आरंभीचा व अखेरचा पाठ शेजारी ठेवून पडताळणे हेच असते. ते दोन्ही जुळले, तरी मधले यंत्र निर्दोष होते असे त्यावरून निश्चित म्हणता येत नाही, हा टॉम्प्सन यांचा इशारा येथेही लागू पडतो.